कारलं नको म्हणणारी सून हट्टी असते का?

प्रश्न : ताई, माझी सून कारलं, मेथी ताटात घेत नाही, तांबडा रस्सा मात्र वाटीवर वाटी पिते. जाऊबाई म्हणतात, पोरगी हट्टी आहे. खरं असेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मुळीच नाही. कडू चव ओळखणारी जनुकं माणसागणिक थोडी वेगळी असतात. तुम्हाला जे जरासं कडवट लागतं, ते तिला असह्य होत असेल. त्याला हट्ट म्हणणं मला मनापासून खटकतं. तिखटाचं थोडं निराळं. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांना २०१३ साली तिखटाची आवड आणि थरारक अनुभवांची ओढ यांत संबंध आढळला. पण तो अभ्यास अमेरिकेतला. लहानपणापासून रस्सा पिणाऱ्यांना तो कसा लावणार? माहेरी काय शिजायचं, हे सुनेलाच विचारा. मेथी डाळीत घालून देऊन पाहा.