नव्या म्युझिकलची सर्वांना खुली ऑडिशन: पट्टी, ३२ बार आणि व्हीलचेअर

प्रश्न लांब आहे, म्हणून आधी तो थोडक्यात मांडतो. तुमच्याकडे एका नव्या म्युझिकलच्या ऑडिशनची नोटीस आली आहे. भूमिकेची रेंज, म्हणजे आवाजाचं खालचं ते वरचं टोक, ए२ ते जी४ दिली आहे (अक्षर सुराचं, आकडा सप्तकाचा) आणि खाली 'सर्व वंशांच्या, सर्व लिंगओळखींच्या व अपंग कलाकारांनी जरूर अर्ज करावा' अशी ओळ आहे. तुमची पट्टी काळी एक, तुम्ही व्हीलचेअर वापरता. ही ओळ मनापासून असते की नुसती छापील, ऑडिशनच्या ३२ बारमध्ये (बार म्हणजे मात्रांचा एक गट) काय गावं, आणि खुर्चीचं आधी सांगावं की आत गेल्यावर कळू द्यावं, हे तुम्ही विचारलंय.

खुर्चीचं आधी सांगा. ते का आणि कसं, हे पुढे येईलच.

ती ओळ सुटी वाचू नका, भूमिकेच्या वर्णनाशी ताडून वाचा. अमेरिकेत १९८६ साली सुरू झालेल्या नॉन-ट्रॅडिशनल कास्टिंग प्रोजेक्टने अशा निवडीचे चार प्रकार केले होते, ते आजही उपयोगी पडतात. एक, समाजात ती माणसं ज्या कामांत असतात तिथे त्यांना घेणं. दोन, नाटकाचं सगळं जगच दुसऱ्या संस्कृतीत नेणं. तीन, नटाच्या ओळखीमुळे भूमिकेला नवा अर्थ येईल अशी निवड. आणि चार, ओळख न बघता निवड. नोटिशीत सगळ्या भूमिकांखाली तीच ओळ जशीच्या तशी चिकटवली असेल, तर बहुधा चौथा प्रकार आहे, किंवा काहीच ठरलेलं नाही. 'निवडलेल्या कलाकारासोबत ही भूमिका घडवली जाईल' असं असेल तर तिसरा, आणि नव्या नाटकात तोच सगळ्यात मोलाचा, कारण संहिता अजून ओली असते. सोबत अॅक्सेसच्या, म्हणजे सहभागी होण्यासाठी लागणाऱ्या सोयींच्या, गरजा कळवायला ईमेल किंवा माणसाचं नाव दिलंय का तेही बघा. ते असेल तर कुणीतरी विचार केलेला आहे.

शब्दयोजनेवरून मोठमोठ्यांची पंचाईत झालेली आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या 'हॅमिल्टन' या म्युझिकलच्या नोटिशीत गोरे नसलेले कलाकार हवेत असं लिहिलं होतं. नटांच्या युनियनने हरकत घेतली आणि ऑडिशनला सर्व वंशांचे लोक येऊ शकतात अशी भर घालावी लागली. त्यामुळे 'सर्वांनी यावं' आणि 'भूमिका सर्वांसाठी आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत हे लक्षात ठेवून वाचा.

आता आवाज. अर्जात 'काळी एक' लिहून भागणार नाही. तो तुमचा षड्ज झाला, त्यांना खालचं आणि वरचं टोक हवंय. मधला सी म्हणजे सी४ धरा. तुमचा मध्य षड्ज सी शार्प ३. मंद्र पंचमापासून तार शुद्ध मध्यमापर्यंत आरामात जात असाल तर तुमची रेंज जी शार्प २ ते एफ शार्प ४. भूमिकेचं ए२ हा तुमचा मंद्रातला कोमल धैवत, म्हणजे खाली अडचण नाही. जी४ हा तारातला तीव्र मध्यम, म्हणजे वर अर्धा सूर कमी पडतोय.

इथे बहुतेक जण दोनपैकी एक चूक करतात. एकतर अर्जात जी४ ठोकून देतात, नाहीतर अर्जच करत नाहीत. खरं ते लिहा: 'जी शार्प २ ते एफ शार्प ४, जी४ मिक्समध्ये'. मिक्समध्ये, म्हणजे छातीचा आणि डोक्याचा आवाज मिसळून, लागतच नसेल तर तो तुकडा गाळा. नवं म्युझिकल रीडिंगच्या, म्हणजे संहिता हातात घेऊन वाचून-गाऊन दाखवायच्या, टप्प्यावर असतं तेव्हा बहुधा नुसता पियानो आणि आवाज यांचाच स्कोअर (लिहिलेली स्वरलिपी) असतो, आणि गाणं अर्धा सूर उतरवणं हे नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये काही मिनिटांचं काम आहे. ऑर्केस्ट्रेशन झाल्यावर, म्हणजे गाणं सगळ्या वाद्यांसाठी लिहून झाल्यावर, तेच महाग पडतं. व्हायोलिनला मोकळ्या तारांचा आधार जातो, पितळी वाद्यांची बोटं अवघड होतात, सगळे पार्ट पुन्हा काढावे लागतात. म्हणून अर्ज करायची वेळ हीच.

पण गणित मांडून बघा. पूर्ण सूर उतरवला तर भूमिका जी२ ते एफ४ होते आणि तुम्ही खाली अर्धा सूर कमी पडता. अर्धाच उतरवला तर तंतोतंत बसते, पण दोन्ही टोकांना. आठवड्याला आठ प्रयोग असतील तर रोज टोकावर गाणं परवडत नाही. म्हणून रेंजपेक्षा महत्त्वाचं हे की जी४ येतो कितीदा. शेवटी एकदा लागायचा सूर वेगळा आणि अख्खं कोरस (धृवपद) ई४ ते जी४ मध्ये घुटमळणं वेगळं. कॉलबॅकचं (पुढच्या फेरीच्या बोलावण्याचं) साहित्य हातात आलं की आधी हे मोजा. युगुलगीत असेल तर तुमच्यासाठी उतरवलेली पट्टी समोरच्याला खाली ओढते, आणि समूहगीतात पट्टी बदलणं जवळपास विसराच. पहिल्या फेरीत पट्टीचा विषय काढू नका. कॉलबॅकला म्युझिक डायरेक्टरने विचारलं की नेमकं सांगा: 'या गाण्यात अर्धा सूर खाली मिळाला तर रोज गाऊ शकेन'.

टेस्टोस्टेरॉन घेत असलेल्या ट्रान्स गायकांनाही हेच लागू आहे. आवाज बदलत असताना रेंज महिनोन्महिने हलती राहते. सोप्रानो, टेनर अशी नावं देण्यापेक्षा आजच्या तारखेची दोन टोकं लिहावीत.

३२ बार म्हणजे चारच्या तालात १२८ मात्रा. मिनिटाला १२० च्या लयीत ६४ सेकंद, ७२ च्या लयीत पावणेदोन मिनिटांहून किंचित जास्त. त्यामुळे संथ गाणं निवडलंत तर ३२ बार पूर्ण व्हायच्या आत थांबवतील. तुमच्यासाठी माझा कौल: मध्यम लयीचं, त्याच शैलीचं (रॉक असेल तर रॉक, पारंपरिक असेल तर पारंपरिक), वरचा सूर एफ४ असलेलं, आणि पहिल्या आठ बारमध्ये माणूस कुठे उभा आहे ते शब्दांतून कळणारं. एफ शार्पवर संपणारं घेऊ नका, सकाळी नऊला तो लागेलच असं नाही. ज्याचं नवं नाटक आहे त्याच संगीतकाराचं जुनं गाणंही नको, त्याच्या डोक्यात त्याची एक आवृत्ती पक्की बसलेली असते. नोटिशीत तसं मागितलं असेल तर गोष्ट वेगळी. १६ बारचा तुकडाही तयार ठेवा. रांग लांबली की आयत्या वेळी १६ वर येतात.

कागदांकडे लोक दुर्लक्ष करतात आणि मग पियानोवाल्यावर खापर फोडतात. नुसत्या चाली-कॉर्डचा कागद देऊ नका, पूर्ण पियानो पार्ट द्या, आणि तुम्ही गाणार त्याच पट्टीत. झेरॉक्समध्ये डाव्या हाताची खालची ओळ कापली जाते, ती तपासा. कट, म्हणजे तुम्ही गाणार तो तुकडा, गाण्याच्या मधून सुरू होत असेल तर एक गोष्ट हमखास राहते: पट्टीची चिन्हं प्रत्येक ओळीवर असतात, पण तालाचं चिन्ह फक्त गाण्याच्या सुरुवातीला असतं. ते कटच्या पहिल्या बारवर हाताने लिहा, वर लय लिहा. सुरुवात आणि शेवट मोठ्या कंसांनी दाखवा, गाळलेला भाग पूर्ण खोडा, 'इथून तिथे उडी' असे बाण नकोत. पाठपोट प्रती, रिंग बाइंडरमध्ये. चकचकीत प्लास्टिकचे कव्हर नकोत, दिव्याखाली कागद दिसत नाही. लय सांगताना चुटक्या वाजवू नका, उद्धट दिसतं. पहिली ओळ हळू आवाजात गुणगुणा.

आता खुर्ची. अर्जासोबत चार ओळी पुरतात, त्यात वैद्यकीय इतिहास नको: 'मी हाताने चालवायची व्हीलचेअर वापरतो. पायऱ्या नसलेला प्रवेश किंवा लिफ्ट, खुर्ची आत जाईल असं शौचालय, आणि गाताना एका जागी वळायला साधारण दीड मीटर मोकळी जागा लागेल. हालचालींची फेरी असल्यास तिचा व्हिडिओ आधी मिळावा.' आधी सांगायचं कारण सौजन्य नव्हे. न सांगता गेलात आणि ऑडिशन तिसऱ्या मजल्यावर निघाली, तर तुमची दहा मिनिटं लिफ्टच्या शोधात जातात आणि तुम्ही धापा टाकत गाता. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्याने आणि अमेरिकेत १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याने वाजवी सोय करणं मालकाची जबाबदारी धरली आहे, तेव्हा हे उपकार मागणं नाही. कुणाला मोठ्या अक्षरातली संहिता, सांकेतिक भाषेचा दुभाषी किंवा शांत प्रतीक्षाकक्ष हवा असेल तर त्यांनीही असंच मागावं. दुभाष्याला मात्र वेळ लागतो, तारीख कळताच लिहा.

'काय झालं होतं तुम्हाला?' असं कुणी विचारलंच तर उत्तर द्यायची गरज नाही. 'भूमिकेसाठी मला काय जमतं ते विचारा' एवढं पुरे. अली स्ट्रोकर २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर काम करणाऱ्या पहिल्या व्हीलचेअर वापरणाऱ्या अभिनेत्री ठरल्या आणि २०१९ मध्ये त्यांना टोनी हे तिथलं मानाचं नाट्यपारितोषिक मिळालं. 'असं कधी केलंच नाही' हे कारण आता चालत नाही.

बसून गाताना सीटच्या पुढच्या भागावर या आणि पोटावरचा पट्टा सुरक्षिततेला धक्का न लावता जितका सैल होईल तितका करा, आवळलेला पट्टा श्वास अर्ध्यावर अडवतो. ब्रेक लावा, नाहीतर जोराच्या ओळीवर खुर्ची मागे सरकते.

साइड्समध्ये, म्हणजे ऑडिशनसाठी दिलेल्या प्रवेशाच्या पानांत, 'तो उठून दाराशी जातो आणि पाठ फिरवतो' असं असेल तर माफी मागत थांबू नका आणि सूचना गाळूही नका. चाकं ढकलून दारापर्यंत जा, खुर्ची फिरवा, पुढचं वाक्य पाठमोरे राहून बोला. उठण्यात राग असेल तर तो चाकाला दिलेल्या पहिल्या झटक्यात येऊ द्या. नव्या नाटकात लेखक बहुधा समोर बसलेला असतो आणि त्याला अशाच ठिकाणी कळतं की दृश्य चालतं. वाक्य मात्र बदलू नका. विचारलं तरच 'हा माणूस असं म्हणणार नाही' हे सुचवा. हालचालींच्या फेरीतही पायांच्या चार मात्रा धड, हात आणि चाकांवर आधीच बसवून न्या. मोजणी तीच ठेवा म्हणजे इतरांबरोबर पडते.

सेल्फ-टेप, म्हणजे स्वतः चित्रित केलेली ऑडिशन, मागितली असेल तर ट्रायपॉड बसलेल्या डोळ्यांच्या उंचीला आणा. उभ्या माणसाच्या मापाने लावलेला कॅमेरा तुमच्याकडे वरून बघतो आणि भूमिका केविलवाणी दिसते. फोन आडवा, छातीपासून वरची चौकट, आणि सुरुवातीला एक पूर्ण शॉट ज्यात खुर्ची दिसेल. साथीच्या ट्रॅकचा स्पीकर तुमच्यापेक्षा लांब, कॅमेऱ्यामागे. आवाज साफ करणारी सेटिंग बंद करा, ती लांबवलेला सूर गोंगाट समजून खाते. लाकडी जमिनीवर चाकांचा आवाज येतो, खाली चटई टाका. संगीतकाराचा डेमो पाठवला असेल तर सूर आणि लय त्यातून घ्या, गायकाच्या लकबी नकोत. आणि तो डेमो कुणालाही पुढे पाठवू नका, अप्रकाशित काम असतं ते.

शेवटी करार. अमेरिकेत २९ तासांचं रीडिंग असतं: तालीम आणि सादरीकरण मिळून तेवढेच तास, हातात संहिता, समोर म्युझिक स्टँड. अशा कामासाठी भराभर गाणं बसवणारा माणूस निवडतात, म्हणून कॉलबॅकला दहा मिनिटांपूर्वी हातात दिलेलं नवं पान गायला सांगतील याची तयारी ठेवा. निवड झाली तर सहीआधी दोन गोष्टी लेखी विचारा: पुढच्या वर्कशॉपला, म्हणजे नाटकाच्या घडणीच्या पुढच्या टप्प्याला, या भूमिकेसाठी तुम्हाला आधी विचारणार का, आणि अॅक्सेसची सोय तालमीच्या खोलीपुरती आहे की रंगमंच, विंग आणि मेकअप रूमलाही.