ऑफिसात कुणाला फिट आली तर?

प्रश्न : सिस्टर, मी फोर्टमधल्या एका सीएच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. आमच्याकडे नवीन मुलगा लागलाय, बदलापूरहून येतो. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, मला अपस्मार आहे. गोळ्या चालू आहेत, पण कधीतरी फिट येते." आमच्यासमोर अजून आलेली नाही. त्याचं नाव न घेता मी चहाच्या वेळी विषय काढला, तर शिपाईकाका म्हणाले, ड्रॉवरमध्ये कांदा ठेवू. दुसरे एक जण म्हणाले, जीभ घशात जाते, चमचा हाताशी हवा. माझी तर नुसत्या विचारानंच गाळण उडते. नेमकं काय करायचं, ते शिकता कुठे येईल, आणि बाकीच्यांना सांगू का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : शिपाईकाकांचा कांदा आधी निकालात काढू. फिट बहुतेक वेळा एक ते तीन मिनिटांत आपली आपण थांबते. कांदा शोधा, फोडा, नाकाशी धरा, एवढ्यात तेवढा वेळ गेलेलाच असतो. श्रेय कांद्याला! चपलेचं आणि किल्ल्यांच्या जुडग्याचंही तेच. कांद्यानं निदान इजा तरी होत नाही, चमच्यानं होते. जीभ कुणी गिळू शकत नाही. पण जबडा असा काही आवळला जातो की चमच्यावर दात तुटतात आणि तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. तुमचं बोट घातलंत तर बोट जाईल. वॉर्डात असताना चावलेल्या जिभा मी पुष्कळ पाहिल्या, त्या भरून येतात. तुटलेला दात पुन्हा येत नाही.

घाबरवतं ते फिटचं दिसणं. कधी सुरुवातीला एक विचित्र ओरडा येतो. तो दुखल्याचा नसतो, छातीतली हवा एकदम बाहेर फेकली जाते त्याचा असतो. अंग ताठ होतं, माणूस कोसळतो, ओठ निळसर पडतात, मग झटके. तोंडाला फेस, त्यात कधी रक्ताची लाल रेघ, कधी कपड्यांत लघवी. हे सगळं झालं म्हणजे माणूस चालला, असं नाही.

त्या वेळी पहिलं काम घड्याळ बघायचं. मनानं मोजाल तर दोन मिनिटांची दहा होतात. मग खुर्च्या मागे सारा, चहाचे ग्लास उचला, डोक्याखाली ओढणी घडी करून सरकवा, चष्मा काढा. गळ्यातली आयडी कार्डाची फीत विसरू नका. ती आवळली जाते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. झटके दाबून थांबत नाहीत, खांदा मात्र निखळू शकतो. चार जण चार हातपाय धरून बसलेले पाहिले की माझा संताप होतो.

झटके ओसरले की त्याला कुशीवर वळवा, जमलं तर आधीच. तुमच्या बाजूचा त्याचा हात खांद्याच्या रेषेत बाहेर काढा, पलीकडचा हात गालाखाली आणा, पलीकडचा गुडघा उभा करा आणि तोच गुडघा धरून त्याला आपल्याकडे ओढा. अंगानं थोराड माणूससुद्धा सहज वळतो. तोंड किंचित खाली, म्हणजे लाळ बाहेर गळते. मग श्वास नीट चालू आहे ना, ते बघा. शुद्धीवर येताना तो तुम्हाला ओळखणारही नाही, गोंधळेल, कदाचित उठून चालू लागेल. अडवून धरू नका, हळू बोलत सोबत राहा. पूर्ण जागा होईपर्यंत पाणी नाही, चहा तर नाहीच.

फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली, एक संपून शुद्ध यायच्या आत दुसरी आली, डोक्याला मार लागला किंवा झटके थांबूनही श्वास नीट येत नसला, तर १०८ लावा. (ज्याला फिटचा आजार असल्याचं माहीत नाही किंवा जी बाई गरोदर आहे, तिथे पाच मिनिटं थांबूच नका.) एकाला खाली रस्त्यावर उभं करा. फोर्टातल्या जुन्या इमारतींचे जिने सगळे सारखेच, अॅम्ब्युलन्सवाले चुकतात.

दर वेळी फिट अशी धडाक्यात येतेच असं नाही. कधी माणूस नुसता टक लावून बसतो, ओठ चाटतो, शर्टाची बटणं चाचपतो, हाकेला ओ देत नाही. तेव्हा हलवायचं-झापायचं नाही. फक्त जिन्यापासून, गॅलरीच्या कठड्यापासून हळूच बाजूला न्यायचं. प्लॅटफॉर्मवर असाल तर कडेपासून. चालत्या लोकलमध्ये फिट आली तर दोन स्टेशनांच्या मध्ये साखळी ओढू नका, तिथे मदत पोचायला उशीर होतो. रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनला फोन करा आणि पुढच्या स्टेशनात उतरवा.

बाकीच्यांना सांगायचं का, हे मला नाही, त्याला विचारा. त्यानं विश्वासानं तुमच्यापाशी सांगितलंय. शेजारी बसणाऱ्या दोघांना कळलं तर चालेल का, एवढंच विचारा, बहुधा तो हो म्हणेल. लग्नाच्या कायद्यात लग्नाला आड येणाऱ्या कारणांतूनसुद्धा १९९९ साली अपस्मार वगळला गेला, ऑफिसानं त्याचा बाऊ करायचं कारण नाही. त्याच बैठकीत आणखी विचारून घ्या : फिट साधारण किती वेळ चालते, आधी त्याला काही जाणवतं का, घरी कुणाला फोन करायचा. डॉक्टरांनी फिट थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलाम या औषधाचा स्प्रे दिला असेल तर तो कुठे ठेवतो, किती मिनिटांनी मारायचा, हे कागदावर लिहून घ्या. स्वतःच्या मनानं आणून ठेवू नका. फिटचा व्हिडिओ डॉक्टरांना फार उपयोगी पडतो, पण त्याची आधी परवानगी असेल तरच, आणि एकानंच काढायचा.

एक गोष्ट तुमच्या हातात आहे. चुकलेली गोळी आणि जागरण, या दोन्हींनी फिटला निमंत्रण मिळतं. सप्टेंबरात टॅक्स ऑडिटच्या गर्दीत त्याला रात्री अकरापर्यंत बसवून पहाटेच्या बदलापूर लोकलनं परत बोलावू नका.

शिकायचं म्हणाल तर सेंट जॉन अॅम्ब्युलन्स आणि रेड क्रॉस यांच्याकडे प्रथमोपचाराचं शिक्षण मिळतं. फोन करून वर्गाची तारीख विचारा. तोवर जेवणाच्या सुट्टीत एकमेकांना कुशीवर वळवून बघा, शिपाईकाकांनाही घ्या. वर्गाला जाताना साडी नको, पंजाबी ड्रेस घाला. अर्धा वेळ गुडघे टेकून जमिनीवरच जातो.