पूरमैदानातील गाळवट चिकण जमीन : सामूच्या आकड्यापेक्षा पाण्याचे वागणे पाहावे

नदीपासून काही अंतरावरच्या सखल पट्ट्यात, कमी पावसाच्या मुलखात शेती करणाऱ्या शेतकरी बंधू-भगिनींकडून आलेल्या प्रश्नांचा गाभा बहुतांशी एकच आहे. माती परीक्षणाच्या अहवालात पोत ‘गाळवट चिकण’ आणि सामू (आम्ल-विम्लता दाखवणारा आकडा, पीएच) ८.४ ते ८.९ असा आला आहे. जमीन ओली असताना पायाला चिकटते, वाळली की दगडासारखी होते, आणि पाऊस थांबून आठवडा झाला तरी वाफ्यात पाणी उभे असते. यावर गंधक टाकावे की जिप्सम (कॅल्शियम सल्फेट), आणि किती, असे बहुतेकांनी विचारले आहे. मात्र काय टाकायचे हे ठरवण्याआधी ही माती अशी का झाली आणि तिच्यात नेमके काय बिघडले आहे हे पाहणे आवश्यक आहे, कारण सारखाच सामू असलेल्या दोन जमिनींना पूर्णपणे वेगळे उपचार लागू शकतात.

पुराचे पाणी पात्राबाहेर पडले की त्याचा वेग एकदम कमी होतो. जड वाळू काठालगतच बसते व तिथे थोडा उंचवटा तयार होतो. बारीक गाळ आणि चिकणकण पाण्याबरोबर पुढे जाऊन मागच्या सखल भागात, पाणी संथ उभे राहते तिथे, सावकाश खाली बसतात. म्हणून एकाच शेताची नदीकडची बाजू भुसभुशीत आणि मागची बाजू चिकण असे नेहमी आढळते. गाळवट चिकण या वर्गात चिकणकण किमान ४० टक्के, गाळाचे कणही किमान ४० टक्के आणि वाळू २० टक्क्यांपेक्षा जास्त नसते. ओली माती अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दाबून पट्टी काढली तर ती ५ सेंटिमीटरहून लांब निघते, आणि बोटांना खरखर न लागता मैद्यासारखा गुळगुळीत स्पर्श होतो. गाळाचे हे प्रमाणच पुढे त्रासदायक ठरते, कारण गाळाच्या कणांना स्वतःची पकड नसते. चिकणकणांची बांधणी सुटली की गाळ मोकळा होऊन छिद्रांत बसतो आणि पृष्ठभागावर कडक पापुद्रा धरतो.

पाऊस भरपूर असलेल्या प्रदेशात विरघळणारे क्षार व चुनखडी पाण्याबरोबर खोल वाहून जातात. निमशुष्क प्रदेशात बाष्पीभवन पावसापेक्षा जास्त असल्याने ते मातीतच उरतात, आणि भूजल उथळ असेल तर केशाकर्षणाने वरही येतात. चुनखडी असलेल्या मातीचा सामू तिच्या केवळ अस्तित्वामुळेच साधारण ८.२ ते ८.४ च्या आसपास स्थिरावतो. याला बिघाड म्हणता येणार नाही. अशा असंख्य जमिनी उत्तम पिकतात. सामू ८.५ च्या वर जाऊ लागला की मात्र सोडियमच्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचा संशय घ्यावा. अहवाल वाचताना एक गोष्ट जरूर तपासावी : मोजणी संपृक्त लगद्यात (पाण्याने पूर्ण भरलेल्या मातीच्या चिखलात) केली आहे की एक भाग माती व अडीच भाग पाणी या द्रावणात. दुसऱ्या पद्धतीत सामू काही दशांशांनी जास्त आणि विद्युत वाहकता (क्षारांचे माप) बरीच कमी दिसते. खारवट जमिनीसाठी सांगितली जाणारी ४ डेसिसायमन प्रति मीटर ही मर्यादा संपृक्त लगद्याच्या अर्काची आहे. ती अडीचपट पाण्याच्या द्रावणाला लावून अनेक जण खारवट जमिनीला निर्दोष ठरवतात.

“सामू ८.६ आहे, गंधक टाकून ७ वर आणता येईल का?” या प्रश्नाचे उत्तर, चुनखडीयुक्त जमिनीपुरते, स्पष्टपणे नाही असेच आहे. एक हेक्टरच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात सुमारे २,००० टन माती असते. तिच्यात ८ टक्के चुनखडी असेल तर ती झाली १६० टन, आणि तेवढी चुनखडी संपवण्यास सुमारे ५१ टन गंधक लागेल. एवढे गंधक कोणी टाकणार नाही आणि टाकूही नये. गंधकाचा उपयोग आहे, पण तो निराळा : जिवाणूंच्या क्रियेने त्यापासून आम्ल तयार होते, ते मातीतल्या चुनखडीतून कॅल्शियम मोकळे करते आणि तो कॅल्शियम सोडियमला हुसकावतो. या क्रियेला ओलावा, ऊब आणि हवा लागते. पाणी तुंबलेल्या थंड चिखलात ती जवळपास थांबते. थोडक्यात, सामूच्या आकड्याचा पाठलाग सोडून चिकणकणांवर सोडियम किती चिकटला आहे आणि माती पाण्याशी कशी वागते, याकडे लक्ष द्यावे.

हे पाहण्याची एक चाचणी घरीच करता येते, आणि ती प्रत्येकाने करावीच असे मला वाटते. शेतातून हरभऱ्याएवढी पूर्ण वाळलेली ढेकळे घ्यावीत. काचेच्या पेल्यात स्वच्छ पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी घेऊन त्यात एक ढेकूळ अलगद सोडावे व पेला अजिबात हलवू नये. विहिरीचे पाणी चालणार नाही, कारण त्यातील क्षारांमुळे निकाल फसवा येतो. ढेकूळ फुटून त्याचा चुरा तळाशी पडला आणि वरचे पाणी नितळ राहिले, तर मातीची घडण कमकुवत आहे. सेंद्रिय पदार्थ कमी आहेत एवढाच त्याचा अर्थ. पण ढेकळाभोवती दुधासारखे वलय पसरू लागले आणि वीस तासांनंतर पेल्यातले पाणी गढूळच राहिले, तर चिकणकण एकमेकांपासून सुटत आहेत. हे सोडियमचे लक्षण आहे. शेतात पावसानंतर डबक्यातले पाणी दिवसेंदिवस नितळत नाही, ते याच कारणाने. वरचा थर व ३० ते ६० सेंटिमीटरचा थर यांची चाचणी वेगवेगळी घ्यावी. वरचा चांगला आणि खालचा दुधाळ असे अनेकदा निघते.

चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेल्या, जमिनीसाठी विनिमयक्षम सोडियम (चिकणकणांना चिकटलेला, हटवता येणारा) १५ टक्के ही रूढ सीमारेषा आहे. फुगणाऱ्या-आकसणाऱ्या चिकणमातीत मात्र नुकसान त्याआधीच सुरू होते. ऑस्ट्रेलियात ६ टक्क्यांपासूनच जमीन सोडियमबाधित मानतात, आणि भेगाळणाऱ्या जड जमिनीला तीच सावधगिरी अधिक योग्य वाटते. आणखी एक फसवी अवस्था आहे. जमिनीत सोडियमबरोबर इतर क्षारही भरपूर असतील तर ते चिकणकणांना एकत्र धरून ठेवतात आणि पाणी बऱ्यापैकी मुरते. मग गोड्या पाण्याने किंवा मोठ्या पावसाने क्षार धुतले जातात, सोडियम मागे राहतो आणि जमीन एकाएकी ‘बंद’ होते. ‘क्षार धुतले आणि जमीन आणखी बिघडली’ ही तक्रार म्हणूनच खरी असते : खारवट-चोपण जमिनीत कॅल्शियम दिल्यावाचून नुसते पाणी सोडणे ही चूक आहे.

“चार फुटांवर वाळू लागते, तरी पाणी का साचते?” असे दोघांनी विचारले आहे. वाळू खाली आहे म्हणजे निचरा चांगला, हा समज साहजिक असला तरी चुकीचा आहे. चिकणमातीची सूक्ष्म छिद्रे पाणी घट्ट धरतात. वाळूच्या मोठ्या छिद्रांत ती ओढ नसते. त्यामुळे वरचा थर पूर्ण संपृक्त होईपर्यंत पाणी वाळूत उतरतच नाही, ते दोन थरांच्या सीमेवर अडून बसते. पूरमैदानात असे थर एकावर एक असतात. या जमिनीत अधूनमधून खोल नांगरट करून वाळू वर आणण्याचा खटाटोप करू नये. पृष्ठभागाला योग्य उतार देणे, रुंद वरंबे-सऱ्या करणे आणि साचलेल्या पाण्याला उघड्या चराने वाट देणे याचा उपयोग लवकर दिसतो. भूजल दीड-दोन मीटरच्या आत असेल, तर भूमिगत निचऱ्याची वाट केल्याशिवाय कोणताही भूसुधारक टिकाऊ फळ देणार नाही.

जिप्समच्या मात्रेबाबत एक हिशेब मांडतो, म्हणजे आपल्या अहवालातले आकडे घालून आपणास तो करता येईल. समजा विनिमय क्षमता (कॅल्शियम, सोडियम असे घटक धरून ठेवण्याची मातीची ताकद) १०० ग्रॅम मातीमागे ४० मिलिइक्विव्हॅलंट आहे आणि विनिमयक्षम सोडियम ८, म्हणजे २० टक्के. तो १० टक्क्यांवर आणायचा तर ४ एकके सोडियम हटवायला हवा. वरच्या १५ सेंटिमीटरमधील दर एककामागे हेक्टरी सुमारे १.७२ टन शुद्ध जिप्सम लागते. म्हणजे जवळपास ७ टन. पदरी पडणारे जिप्सम ७० टक्के शुद्ध असेल तर १० टन. आता दुसरी बाजू पाहावी. एक लिटर पाण्यात जिप्सम साधारण अडीच ग्रॅमच विरघळते, त्यामुळे ७ टन विरघळण्यास नुसत्या हिशेबाने २८० मिलिमीटर पाणी लागते. सोडियमयुक्त मातीत ते याहून काहीसे सहज विरघळते हे खरे. तरीही एका पाळीत काम होत नाही, आणि सुटलेला सोडियम वाहून जाण्यास वाट नसेल तर तो तिथेच राहतो. जिप्सम बारीक दळलेले असावे, वरच्या १० ते १५ सेंटिमीटरमध्येच मिसळावे, आणि पावसाळ्याच्या तोंडावर टाकावे. चाचणीत पाणी नितळ राहिले असेल व सोडियम कमी असेल, तर जिप्समवर खर्च करू नये. शेणखत, कंपोस्ट व ताग किंवा धैंचा गाडणे पुरेसे आहे.

सिंचनाचे पाणी न तपासता जमीन सुधारण्याचा खर्च करणे व्यर्थ ठरते. पाण्यात उर्वरित सोडियम कार्बोनेट (कॅल्शियम-मॅग्नेशियमहून जास्त असलेले कार्बोनेट-बायकार्बोनेट) २.५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरपेक्षा जास्त असेल तर ते कॅल्शियमला चुनखडीच्या रूपात बसवून टाकते आणि सोडियमला रान मोकळे होते.

“कोवळी पाने पिवळी, शिरा मात्र हिरव्या” हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. मातीत लोह भरपूर असते, पण या सामूला ते विरघळत नाही. मातीत टाकलेले फेरस सल्फेटही लवकरच निरुपयोगी रूपात जाते. त्याची ०.५ टक्के तीव्रतेची फवारणी आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा करावी. चिलेट (लोह विरघळलेले ठेवणारे संयुग) मातीतून द्यायचेच असेल तर ईडीटीए प्रकारचे घेऊ नये, ते अशा सामूला टिकत नाही. ईडीडीएचए प्रकारचे टिकते. मात्र पाणी साचल्यानंतरच पिवळेपणा येत असेल, तर आधी पाणी काढावे, पीक बहुधा आपोआप सावरते. जस्ताची पातळी ०.६ पीपीएमपेक्षा कमी असल्यास हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्यावे. स्फुरद (फॉस्फरस) फोकून न देता बियाण्याजवळ पट्ट्यात पेरावे. युरिया पृष्ठभागावर राहिल्यास त्यातील नत्र अमोनिया होऊन उडते. तो किमान ५ सेंटिमीटर मातीआड जावा.

मशागतीची वेळ या जमिनीत फार थोडी मिळते. १५ सेंटिमीटर खोलीवरची माती तळहातावर वळून पाहावी. ३ मिलिमीटर जाडीची सुतळीसारखी वळी न तुटता झाली, तर अवजार घालू नये. त्या ओलीत फाळाखालची माती लिंपल्यासारखी दाबली जाते आणि तो थर पुढे कित्येक हंगाम मुळांना अडवतो. वळी वळतावळता तुटू लागली की वाफसा आला. उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा बुजवण्याची घाई नको, कारण पहिल्या पावसाचे पाणी खोलवर नेणारी तीच एक वाट असते.

शेवटचा प्रश्न असा, की पूर येऊन बोटभर नवा गाळ बसला आहे, तर मागील वर्षाचा अहवाल चालेल का. खालच्या थरांसाठी चालेल, वरच्या थरासाठी नाही. नवा नमुना ०–१५, १५–३०, ३०–६० आणि ६०–९० सेंटिमीटर अशा चार थरांचा, आणि नदीकडची व सखल बाजू वेगळी ठेवून घ्यावा. दोन्हींची माती एका पिशवीत मिसळल्यास येणारा आकडा शेताच्या कोणत्याच भागाचा नसतो.