सेल्युलर मॉडेमला मॅक ॲड्रेस कुठून मिळतो?

यूएसबी मॉडेमचा मॅक (इथरनेट जोडणीवर उपकरण ओळखणारा पत्ता) लिनक्सवर कधी बदलतो, कधी दिसतच नाही, याचं मूळ एकच. मोबाइल नेटवर्कला मॅक लागतच नाही. तिथे ओळख आयएमईआय (उपकरणाचा क्रमांक) आणि सिममधल्या आयएमएसआयने (ग्राहकाचा क्रमांक) पटते. रेडिओवरून नुसती आयपी पॅकेट्स जातात. मॅक असतो तो कॉम्प्युटर आणि मॉडेम यांच्यातल्या यूएसबी जोडणीपुरता.

म्हणून तो मोडवर, म्हणजे मॉडेम यूएसबीवरून कॉम्प्युटरशी कोणत्या पद्धतीने बोलतो यावर, ठरतो. ईसीएम, एनसीएम, एमबीआयएम आणि क्यूएमआय या अशा पद्धती. ईसीएम किंवा एनसीएममध्ये ड्रायव्हर मॉडेमच्या यूएसबी डिस्क्रिप्टरमधला (मॉडेम स्वतःची जी माहिती देतो त्यातला) मॅक वाचतो. एमबीआयएममध्ये तसा मॅक नसतो, म्हणून कर्नल (लिनक्सचा गाभा) रँडम पत्ता बनवतो. असा पत्ता लगेच ओळखू येतो: दुसरा हेक्स अंक २, ६, ए किंवा ई. क्यूएमआयच्या रॉ-आयपी मोडमध्ये इथरनेट हेडरच नाही, त्यामुळे 'आयपी लिंक' कमांडमध्ये मॅकऐवजी 'लिंक/नन' दिसतं. तो बिघाड नव्हे.

खरा त्रास राउटरसारख्या चालणाऱ्या डोंगलचा. काही मॉडेलच्या प्रत्येक नगात फर्मवेअरने एकच मॅक घातलेला असतो. दोन डोंगल लावले की मॅकवरून पडणारं इंटरफेसचं (नेटवर्क जोडणीचं) नाव दोघांचं एकच येऊन आपटतं आणि दुसऱ्याला वेगळंच नाव मिळतं. अशा वेळी युडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरणांना नावं देणाऱ्या यंत्रणेचा) नियम मॅकवर लिहू नका, यूएसबी पोर्टच्या पाथवर लिहा. मॅक कायम एकच हवा असेल तर सिस्टमडीच्या (लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीच्या) लिंक फाइलमध्ये 'मॅकॲड्रेस' स्वतः द्या. आणि लायसन्स किंवा इन्व्हेंटरी मॅकला मुळीच बांधू नका. त्याऐवजी मॉडेममॅनेजर या लिनक्सच्या मॉडेम सांभाळणाऱ्या प्रोग्राममधून आयएमईआय घ्या.