थेरपीची अ‍ॅडॅप्टिव्ह ट्रायल करायचीये? मग आधी हे बघ

अ‍ॅडॅप्टिव्ह म्हणजे चालू ट्रायलमधला डेटा बघून ठरलेल्या नियमांनी ट्रायल बदलणं, मनाला येईल ते बदलायचं असं नाही हां, कधी बघणार आणि काय दिसलं की कुठला आर्म (म्हणजे एक उपचार घेणारा गट) बंद करणार हे पहिला पेशंट घ्यायच्या आधीच प्रोटोकॉलमधे लिहून ठेवायचं. फरक खरा मानायची p<0.05 ची पट्टी तशीच ठेवून पाचदा डोकावलास तर खोटा पॉझिटिव्ह (फरक नसताना तो आहे असं वाटणं) यायची शक्यता 5 वरून साधारण 14 टक्क्यांवर जाते, त्यामुळे करेक्शन लाव (म्हणजे ती पट्टी कडक कर) नाहीतर बेझ फॅक्टर (डेटा दोन शक्यतांपैकी कुठल्या बाजूला किती झुकतो ते सांगणारा आकडा) वापर. 2019 मधे ब्लॅकवेल वगैरे मंडळींनी मांडलेलं लीपफ्रॉग डिझाइन जरूर वाच, त्यात मागे पडलेला आर्म गळतो, कंट्रोलपेक्षा (ज्याच्याशी बाकीच्यांची तुलना होते तो गट) सरस ठरलेला आर्म स्वतःच नवा कंट्रोल होतो, आणि नवीन आर्म मधेच घुसवता पण येतो.

खरी गोम वेळेची आहे. रिझल्ट 12 आठवड्यांनी मिळणार आणि भरती 6 आठवड्यांत उरकणार असेल तर ठरवायला उरलं काय, सगळे आत येऊन बसलेले असतात ना! म्हणून भरती मुद्दाम सावकाश कर, किंवा दर सेशनला पीएचक्यू-9 (डिप्रेशनची नऊ प्रश्नांची प्रश्नावली) भरून घे आणि चौथ्या-पाचव्या आठवड्याचा स्कोर मधल्या निर्णयाला वापर, फक्त तो शेवटच्या स्कोरशी कितपत जुळतो ते जुन्या डेटावर तपासून घे. ऑनलाइन मॉड्यूल असेल तर आर्म बदलणं सोपं, समोरासमोरची थेरपी असेल तर थेरपिस्टचं ट्रेनिंग, सुपरव्हिजन, एथिक्सची परवानगी, सगळं परत आलं. आणि सिम्युलेशन (कॉम्प्युटरवर बनावट डेटाने ट्रायल परत परत चालवून बघणं) स्वतः चालव, ड्रॉपआउट म्हणजे मधेच सोडून जाणारे भरपूर धरून.