एक मत, चार जागा : आयर्लंडच्या क्लेअर मतदारसंघाविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकातल्या आयर्लंडवरच्या लेखात क्लेअर मतदारसंघाचा ओझरता उल्लेख होता. त्यावर कोल्हापूर शहर, कागल, इचलकरंजी, गडहिंग्लज भागातून बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

क्लेअर नेमकं कुठं आलं, आणि एका मतदारसंघाचं एवढं काय घेऊन बसलाय? – एक वाचक, शाहूपुरी

क्लेअर ही आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची काउंटी, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखी. मुख्य गाव एनिस. इथल्या दोन पोटनिवडणुकांनी साऱ्या देशाचे राजकारण फिरवले. पहिली १८२८ ची.

१८०१ पासून आयर्लंडची स्वतःची संसद राहिली नव्हती. लंडनच्या संसदेत आयर्लंडचे १०० खासदार बसत, त्यात क्लेअर काउंटीचे दोन. त्यांपैकी व्हेसी-फिट्झजेराल्ड यांना व्यापारमंत्रिपद मिळाले. मंत्री झालेल्या खासदाराने पुन्हा मतदारांपुढे जायचे, असा तेव्हा नियम होता. एरवी हा नुसता उपचार. पण या वेळी कॅथलिकांचे पुढारी डॅनिएल ओ'कॉनेल यांनी अर्ज भरला. कायद्यातली फट त्यांनी बरोबर हेरली होती. कॅथलिक माणसाला निवडणूक लढवायला कुठेच बंदी नव्हती. बंदी होती ती सभागृहात बसायला, कारण आधी जी शपथ घ्यावी लागे ती कॅथलिक श्रद्धेलाच नाकारणारी होती. निकाल लागला: ओ'कॉनेल २,०५७, फिट्झजेराल्ड ९८२.

निवडून आलेल्या माणसाला दारातच अडवले तर आयर्लंड पेटेल, या धास्तीने पंतप्रधान वेलिंग्टन आणि गृहमंत्री पील यांच्या सरकारने एप्रिल १८२९ मध्ये कॅथलिकांना संसद खुली करणारा कायदा केला. त्याची किंमतही तिथल्या तिथे वसूल केली. वर्षाला ४० शिलिंग, म्हणजे २ पौंड, उत्पन्नाच्या जमिनीवर मिळणारा मतदानाचा हक्क काढून ती अट १० पौंडांवर नेली. आयर्लंडच्या काउंट्यांमधले मतदार दोन लाखांहून अधिक होते, ते चाळीस हजारांच्या आत आले. ज्या छोट्या कुळांनी ओ'कॉनेलना निवडून दिले, त्यांचेच मत गेले. ओ'कॉनेल यांची निवडणूक कायदा होण्याआधीची, म्हणून त्यांना पुन्हा उभे राहावे लागले. जुलै १८२९ मध्ये ते बिनविरोध आले.

तेव्हा मतदान गुप्त नव्हतं, मग कुळांनी जमीनदाराच्या विरोधात मत दिलंच कसं? – एक वाचक, कागल

गुप्त मतदान आले १८७२ च्या कायद्याने. १८२८ साली मतदाराने एनिसला येऊन सगळ्यांदेखत उमेदवाराचे नाव सांगायचे आणि ते वहीत नोंदले जायचे. घरी परतल्यावर जमिनीवरून हुसकावले जाण्याची भीती खरीच होती.

त्यावर तोड होती संघटनेची. ओ'कॉनेल यांच्या कॅथलिक असोसिएशनने १८२४ पासून महिन्याला एक पेनी वर्गणी सुरू केली होती. ती पॅरिशनिहाय (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग) गोळा होई, त्यामुळे गावोगावी माणसे आणि गंगाजळी दोन्ही तयार होती. मतदानाला कुळे एकेकटी आली नाहीत. पाद्री पुढे आणि अख्खी पॅरिश मागे, अशी जथ्याजथ्याने आली. एका कुळाला हुसकावणे सोपे, गावच्या गाव रिकामे करणे अवघड.

दुसरी पोटनिवडणूक म्हणजे डी व्हॅलेरांचीच ना? – एक वाचक, गडहिंग्लज

तीच. १८८५ मध्ये क्लेअरचे पूर्व आणि पश्चिम असे एकेका जागेचे दोन मतदारसंघ झाले होते. पूर्व क्लेअरचे खासदार विली रेडमंड ७ जून १९१७ रोजी बेल्जियममध्ये मेसिनच्या लढाईत मारले गेले. रिकाम्या जागेवर आयर्लंडचे स्वातंत्र्य मागणाऱ्या सिन फेन पक्षाने एमन डी व्हॅलेरा यांना उभे केले. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या उठावात त्यांना झालेली मृत्युदंडाची शिक्षा बदलून जन्मठेप झाली होती आणि ते नुकतेच तुरुंगातून सुटले होते. १० जुलैला मतदान झाले: डी व्हॅलेरा ५,०१०, पॅट्रिक लिंच २,०३५. लंडनला जाऊन बसायचे नाही, हेच सिन फेनचे धोरण असल्याने ते संसदेत गेलेच नाहीत.

पुढची गंमत लक्षात घ्या. निवडणुकांसाठी प्रसिद्ध असलेल्या या क्लेअरमध्ये १९१८, १९२१ आणि १९२२ या तिन्ही सार्वत्रिक निवडणुका बिनविरोध झाल्या. उमेदवारांना १, २, ३ असा क्रम देण्याची नवी पसंतीक्रमाची पद्धत १९२१ पासून लागू होती, पण तिथल्या मतदाराने ती प्रत्यक्ष वापरली १९२३ ला. त्या ऑगस्टमध्ये डी व्हॅलेरांना एनिसच्या भर सभेत अटक झाली आणि कोठडीत असतानाच ते १७ हजारांहून अधिक पहिल्या पसंतीची मते घेऊन निवडून आले. क्लेअरची जागा त्यांच्याकडे १९५९ पर्यंत राहिली.

एका मतदारसंघातून चार जण निवडून येतात, पण मत एकच. हे गणित नीट उलगडून सांगा. – तीन वाचक, कोल्हापूर व इचलकरंजी

आधी घोळ दूर करू. आपल्या महापालिकेच्या बहुसदस्यीय प्रभागाशी याचे नाते नाही. आपल्याकडे अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी वेगळे मत असते आणि एकाच पॅनेलचा वारा असेल तर चारही जागा तेच नेते. क्लेअरमध्ये चार जागांना मिळून मत एकच. मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असे क्रमांक लिहितो. कोल्हापूर उत्तर, कोल्हापूर दक्षिण, करवीर आणि कागल एकत्र करून चार आमदार द्यायचे आणि प्रत्येकाने एकच पसंतीक्रम लिहायचा, अशी कल्पना करा.

आता मोजणी. पहिले काम कोटा काढायचे. वैध मतांना जागांपेक्षा एकने मोठ्या आकड्याने भागायचे, अपूर्णांक सोडायचा आणि १ मिळवायचा. वैध मते ५०,०००, जागा ४. म्हणून ५०,००० भागिले ५ म्हणजे १०,०००, अधिक १. कोटा १०,००१. एवढी मते एका वेळी चौघांनाच मिळू शकतात, पाचव्याला नाही. जागांमध्ये एक मिळवून भागायचे ते याचसाठी.

समजा, अ या उमेदवाराला पहिल्या फेरीत १२,००१ मते पडली. तो निवडून आला आणि २,००० मते जादा झाली. ही जादा मते पुढे जातात. त्यासाठी त्याच्या सगळ्या १२,००१ पत्रिका पुन्हा बघतात. २,००१ पत्रिकांवर दुसरी पसंतीच नाही, त्या बाजूला. उरलेल्या १०,००० पैकी ब ला ६,०००, क ला ३,०००, ड ला १,००० दुसरी पसंती. वाटायची आहेत २,०००, म्हणजे दहा हजारांचा पाचवा हिस्सा. म्हणून ब ला १,२००, क ला ६००, ड ला २००. पुढे जाऊ शकणाऱ्या पत्रिकाच जादा मतांपेक्षा कमी असतील तर असा हिस्सा काढत नाहीत, त्या सगळ्या पुढे जातात.

खरी मेख पुढे आहे. ब च्या ६,००० पत्रिकांतल्या कोणत्या १,२०० हलवायच्या? आयर्लंडच्या लोकसभेच्या, म्हणजे डॉलच्या, निवडणुकीत मताचे तुकडे करत नाहीत. अख्ख्या पत्रिका हलवतात. गठ्ठ्यात सर्वांत शेवटी ठेवलेल्या, म्हणजे वरच्या, १,२०० पत्रिका उचलतात. या फेरीत त्याने काही बिघडत नाही. पण पुढे ब बाद झाला तर या १,२०० पत्रिकांवरची तिसरी पसंती मोजली जाणार, आणि ती खालच्या ४,८०० सारखीच असेल असे नाही. म्हणून मोजणीआधी पत्रिका नीट मिसळतात आणि गठ्ठ्यांचा क्रम मोडू देत नाहीत. चुरस शे-दोनशे मतांची असेल तर नशिबाचा हा अंश टोचतो. उत्तर आयर्लंडमध्ये मताचे मूल्य अपूर्णांकात वाटून ही अडचण टाळली आहे. माझ्या मते तीच रीत सरस, फक्त हाताने मोजायला किचकट.

नंतरच्या फेरीत कोणी कोटा ओलांडला तर त्याच्या सगळ्या पत्रिका बघत नाहीत. ज्या शेवटच्या गठ्ठ्याने तो कोट्याच्या वर गेला, तेवढाच तपासतात. वाटायला जादा मते नसतील तर तळाचा उमेदवार बाद करून त्याच्या पत्रिका पुढच्या पसंतीला देतात. शेवटी उरलेल्या जागांइतकेच उमेदवार राहिले की कोटा न गाठताही ते निवडून आले असे जाहीर होते. चौथी जागा पुष्कळदा अशीच जाते.

मत बाद कशानं होतं? – एक वाचक, राजारामपुरी

पुणे विभागाच्या पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघात तुम्ही मतदान केले असेल तर पसंतीक्रम तुम्हाला नवा नाही. आपल्याकडे केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केचपेननेच आकडा लिहावा लागतो. बरोबरची खूण, फुली किंवा अक्षरात ‘एक’ चालत नाही. आयर्लंडचा नियम त्यामानाने सैल आहे. पहिली पसंती स्पष्ट कळत असेल तर खुणेचे मतही निवडणूक अधिकारी ग्राह्य धरू शकतो. दोघांपुढे १ लिहिले तर मात्र बाद. मतदाराची ओळख पटेल असे काही लिहिले तरी बाद. केंद्राधिकाऱ्याने पत्रिकेवर अधिकृत शिक्का उठवला नसेल तरीही बाद, आणि यात मतदाराचा काडीचाही दोष नसतो. म्हणून पत्रिका हातात घेताना शिक्का बघून घेणे हेच शहाणपण.

१ नंतर थेट ३ लिहिले तर मत बाद होत नाही. पहिली पसंती धरतात आणि तिथेच ती पत्रिका थांबते.

एका पक्षाचे दोघे-तिघे उभे राहतात म्हणे. मग पाय ओढाओढी होत नाही? – एक वाचक, मंगळवार पेठ

होते, आणि कधी कधी विरोधकांशी होणाऱ्या लढतीपेक्षा जास्त. पक्षाची मते ठरलेली असतात. ती कोणाच्या नावावर पडणार, एवढाच सवाल. म्हणून पक्ष काउंटीची वाटणी करतो: या पट्ट्यात १ याला, २ त्याला, पलीकडे उलट. दोघेही फार मागे पडून बाद होऊ नयेत, यासाठी मते सारखी वाटली जायला हवीत. एक उमेदवार दुसऱ्याच्या हद्दीत गुपचूप पत्रके टाकताना सापडला की तिथेही आपल्या कारखान्याच्या निवडणुकीइतकाच धुरळा उडतो.

सर्वांत मोठ्या पक्षाला ही पद्धत नकोशी होती. डी व्हॅलेरांच्या फियाना फॉल पक्षाने ती रद्द करण्यासाठी जून १९५९ मध्ये सार्वमत घेतले. मतदारांनी त्याच दिवशी डी व्हॅलेरांना राष्ट्राध्यक्ष केले आणि त्यांचा प्रस्ताव फेटाळला. १९६८ ला पुन्हा प्रयत्न झाला, तेव्हा पराभव आणखी मोठा होता.

भारतीय वंशाचं कोणी तिथून निवडून आलंय का? – एक वाचक, इचलकरंजी

हो, डॉ. मूसाजी भामजी. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले, भारतीय वंशाचे मनोविकारतज्ज्ञ. १९९२ मध्ये मजूर पक्षाकडून क्लेअरमधून निवडून आले आणि डॉलमधले पहिले मुस्लिम सदस्य ठरले. १९९७ ला ते उभे राहिले नाहीत.

तिकडं ईव्हीएम नाही? – एक वाचक, जयसिंगपूर

यंत्रे आणली होती. २००२ मध्ये डब्लिन उत्तर, डब्लिन पश्चिम आणि मीथ या तीन मतदारसंघांत ती वापरून पाहिली. मत तपासायला कागदी पुरावा नाही, हा आक्षेप शेवटपर्यंत सुटला नाही. पाच कोटी युरोंहून अधिक खर्चाची ही यंत्रे गोदामात पडून राहिली, २००९ मध्ये योजना गुंडाळली आणि २०१२ मध्ये यंत्रे भंगारात गेली. मोजणी आजही हाताने होते. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्या उघडतात, आणि कठड्याबाहेर उभे असलेले पक्षांचे कार्यकर्ते पत्रिका उलगडताना दिसणारे १ टिपून घेतात. अधिकृत पहिली फेरी जाहीर होण्याच्या कितीतरी आधी त्यांचा अंदाज गावभर झालेला असतो.

सध्या तिथं कोण आहे? आणि मध्येच जागा रिकामी झाली तर? – एक वाचक, गारगोटी

२९ नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत क्लेअरमधून फियाना फॉलचे टिमी डूली आणि कॅथल क्रो, फिन गेलचे जो कूनी आणि सिन फेनच्या डोना मॅकगेटिगन निवडून आले. डॉलमध्ये त्या वेळी १६० वरून १७४ जागा झाल्या, मतदारसंघ ४३. दर २० ते ३० हजार लोकसंख्येमागे एक सदस्य, हे राज्यघटनेनेच बांधून दिलेले असल्याने लोकसंख्या वाढली की जागा वाढवाव्याच लागतात.

जागा रिकामी झाल्यास पोटनिवडणूक होते आणि २०११ च्या कायद्याप्रमाणे ती सहा महिन्यांत लावावी लागते. पद्धत तीच, पण जागा एकच असल्याने कोटा निम्म्याहून एक जास्त होतो. चारांतली एक जागा जिंकणाऱ्या लहान पक्षाला किंवा अपक्षाला ती अशा वेळी राखणे फार जड जाते. २०२० ला क्लेअरमधून आलेले अपक्ष मायकेल मॅकनमारा जून २०२४ मध्ये युरोपीय संसदेवर गेले, तेव्हा हा प्रश्न उभा राहिला होता. सहा महिने भरण्याआधीच सार्वत्रिक निवडणूक लागली आणि पोटनिवडणूक टळली.