बीबीसी आयप्लेअर भारतात का चालत नाही?

चालणार नाही, कारण बीबीसीचे कार्यक्रम इंटरनेटवर दाखवणारं हे ॲप मुळात ब्रिटनमधल्या लोकांसाठीच आहे. तिकडे घरटी टीव्ही लायसन्सची फी भरावी लागते, त्याच पैशावर बीबीसीचा बराचसा कारभार चालतो, आणि सप्टेंबर 2016 पासून नुसतं आयप्लेअर बघायलाही ते लायसन्स लागतं, मग आपल्याला फुकट कोण दाखवेल!

पण पैसे भरतो म्हटलं तरी भागत नाही, खरी गोम हक्कांची आहे. सिरीयल, सिनेमा, मॅच यांचे हक्क देशादेशाप्रमाणे वेगवेगळे विकले जातात. आपलं आयपीएलच घ्या ना, 2023 ते 2027 चे हक्क विकताना बीसीसीआयने भारतीय उपखंडातले टीव्हीचे वेगळे, डिजिटलचे वेगळे आणि बाहेरच्या देशांचे आणखी वेगळे विकले, सगळे मिळून 48,390 कोटी. आता ज्याने एका देशासाठी एवढे मोजलेत तो दुसऱ्या देशातल्या ॲपवर तीच मॅच तुम्हाला कशी बघू देईल? म्हणून अमेरिकेतल्या आपल्या मंडळींना इथलं ॲप चालत नाही, तिथलं वेगळं घ्यावं लागतं.

तुम्ही कुठून बघताय ते आयपी ॲड्रेसवरून, म्हणजे तुमच्या इंटरनेट कनेक्शनच्या नंबरवरून कळतं. व्हीपीएन, म्हणजे आपण दुसऱ्याच देशात आहोत असं भासवणारी सेवा, लावून बघतात काहीजण, पण तो नियमात बसत नाही आणि बऱ्याचदा पकडलाही जातो.